डाव्या चोचीची कानकोरणी

मी बावीस वर्षं खोट्या वस्तू केल्या, आणि त्या खोट्या आहेत हे सांगूनच दिल्या. फक्त एकदा सांगायचं राहिलं. त्या एकदाचीच गोष्ट लिहायला बसले आहे.

दिवाळी अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, "इंदूमावशी, जन्मापासून सुरू करू नका." बरं झालं. माझ्या जन्मात सांगण्यासारखं काही नाही. धुळ्याकडच्या एका खेड्यात जन्मले, लग्न होऊन सुरतेला लिंबायतला आले, आमचे हे लूमवर, मी घरी साड्यांवर टिकल्या चिकटवायची. शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचन टिकल्यांच्या पाकिटांवर आणि भेळेच्या कागदांवर झालं. एवढ्यात जन्म उरकला.

शेजारची एक बाई कतारगामला कामाला जायची. तिच्या कारखान्यात अकीकचे मणी करायचे. अकीक म्हणजे तो अंगठीत बसवतात तसा दगड, दुधी, तपकिरी, राखाडी. ती म्हणाली, टिकल्या चिकटवून डोळे जातील, चल माझ्याबरोबर दगड मोज. मी दगड मोजायला गेले आणि फोडायला बसले. त्याला कारण हसनचाचा.

हसनचाचा खंभातचे. त्यांच्या घरात दगड फोडणं किती पिढ्यांचं ते त्यांनाही माहीत नव्हतं. जमिनीत एक लोखंडी सळई तिरपी पुरलेली, तिला टोक. दगडाची कड त्या टोकाला टेकवायची आणि दुसऱ्या बाजूनं म्हशीच्या शिंगाच्या हातोडीनं हलका ठोका द्यायचा. गंमत अशी की ठोका बाहेरून बसतो आणि कपचा आतून, सळईच्या बाजूनं उडतो. बघणाऱ्याला वाटतं, हिनं मारलं इकडे आणि तुटलं तिकडे. मी दोन दिवस मोजणी सोडून तेच बघत राहिले. तिसऱ्या दिवशी चाचा म्हणाले, "बैठ. पत्थर से लड़ना नहीं, पूछना, कि भाई, तू कहाँ से टूटेगा."

मी बसले आणि हातोडी डाव्या हातात घेतली. मी डावखुरी. ही गोष्ट पुढे फार कामाची आहे, म्हणून आत्ताच सांगते.

आमच्या सासूबाईंना डावा हात म्हणजे घरातला शत्रू. लग्नानंतर पहिल्या पंगतीत मी डाव्या हातानं भाजी वाढली, तर सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "का व, डावा हातघाई वाढस का कोनी?" तेव्हापासून मी वाढणं उजव्या हातानं शिकले, कुंकू लावणं, ताट देणं, पैसे देणं, सगळं उजव्यानं. डावा हात पदराखाली. कारखान्यात मात्र तो बाहेर आला. चाचांनी एकदा माझ्या हाताकडे बघितलं आणि माझी सळई उपटून उलट्या बाजूला तिरपी पुरून दिली. तोवरच्या संसारात माझ्या डाव्या हाताची एवढी सोय कुणी केली नव्हती.

चाचा नंतर खोकून खोकून गेले. दगडाची धूळ फुप्फुसात बसते. तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आता मी ओलं फडकं बांधल्याशिवाय कुणाला बसू देत नाही. एवढं एकच गंभीर वाक्य लिहिते आणि पुढे जाते, नाहीतर चाचा वरून म्हणतील, "रोना है तो घर जा."

तर खोट्या वस्तू. आमचे शेठ रसिकभाई. त्यांना कुठूनसं कळलं की परदेशातल्या शाळांना, संग्रहालयांना जुन्या काळच्या दगडी हत्यारांच्या नकला लागतात. खरी हत्यारं काचेत, आणि पोरांच्या हातात नक्कल. आमच्याकडे दगड होता, फोडणारे हात होते. सुरू झालं. प्रत्येक नकलेच्या पोटावर हिऱ्याच्या टोकानं एक बारीक फुली कोरायची, म्हणजे ही नवी आहे हे कळावं. ही फुली शेठनीच ठरवलेली.

गिऱ्हाईकं एकेक नमुनेदार. एका शाळेनं पेटी परत पाठवली, कारण काय, तर दगडी सुरीनं बोट कापलं. मी म्हटलं, शेठ, त्यांना लिहा, ती त्यासाठीच असते. शेवटी मी पन्नास सुऱ्यांच्या धारा घासून बोथट केल्या. एका बाईंना आदिमानवाची कुऱ्हाड हवी होती, पण गुलाबी, दिवाणखान्याच्या पडद्यांना शोभेल अशी. तीही दिली. गुलाबी आदिमानव कुठे होता ते मला विचारू नका.

मग एक दिवस वैशाली आली. नागपूरकडची, तिशीतली, पाठीवर पिशवी, चष्मा दोऱ्याला बांधलेला. सुरतेत तापीकाठी मुलांसाठी एक नवं दालन होत होतं, माणूस जगभर कसा पसरला ते दाखवणारं. त्याची जबाबदारी तिच्यावर, कराराची नोकरी. तिनं माझ्यासमोर फोटो आणि प्लास्टरचे ठसे मांडले. मी हसले. सगळी हत्यारं नखाएवढी.

"ही कुणाची गं? बाहुल्यांची?"

"मावशी, ही उत्तर ध्रुवाकडच्या माणसांची. तिथे सगळ्यांत आधी जे राहायला गेले ना, त्यांची."

मग तिनं चहा थंड होईपर्यंत सांगितलं. चार-साडेचार हजार वर्षांपूर्वी सैबेरियाच्या टोकावरून काही माणसं समुद्राची चिंचोळी पट्टी ओलांडून अलास्कात आली. तिथून पुढे पुढे, कॅनडाच्या बेटांवरून थेट ग्रीनलंडपर्यंत. झाड नाही, लाकूड नाही, हिवाळ्यात सूर्य नाही. चुलीला काय, तर समुद्रानं वाहून आणलेला एखादा ओंडका, नाहीतर हाडं. खायला सील, नाहीतर अंगभर केसांचे मोठे बैल, कस्तुरी बैल म्हणतात त्यांना. कातड्याच्या तंबूत मधोमध दगडांची चूल, तिच्या दोन्ही बाजूंना माणसं. आणि हत्यारं ही एवढीशी, कारण चांगला दगड मिळायचा फार लांब, आणि सगळं सामान तर पाठीवर.

त्यातल्या एका हत्याराकडे मी पुन्हा पुन्हा बघत होते. चपटं, टोकाला चोच. वैशालीनं त्याचं इंग्रजी नाव सांगितलं, मी तेव्हाच त्याला कानकोरणी म्हणून टाकलं, आणि पुढे तीही तेच म्हणायला लागली.

"यानं ते हाडात खाच कोरायचे," ती म्हणाली. "एक खाच इकडे, एक तिकडे, मधली हाडाची काडी सुटायची. तिची सुई."

"मग सुईचं काय करायचे?"

"कपडे शिवायचे. कातड्याचे, वारा आत न येणारे. मावशी, ती सुई नसती तर पहिल्या हिवाळ्यातच सगळे संपले असते."

आता मी सुरतेत राहते. सुईनं गाव कसं चालतं हे मला कुणी शिकवायला नको. पण हे दगडाचं बोटभर काही, त्यातून सुई, सुईतून कपडा, कपड्यातून ध्रुवावरचं माणूस, हे ऐकल्यावर माझ्या हाताला खाज सुटली. मी म्हटलं, कर ऑर्डर.

पहिली पेटी मी महिनाभर केली. बारीक पाती काढायला शिंगाची हातोडी चालत नाही, तिथे ठोका नाही, दाब लागतो. मी घरचं जुनं लाटणं अर्धं कापलं, टोकाला तांब्याचा खिळा ठोकला, ते काखेत धरून अंगाच्या भारानं दाबायचं, की दगडाच्या गाभ्यावरून पातं सुटतं, कांद्याच्या पापुद्र्यासारखं. सासूबाईंनी लाटणं शोधलं आठ दिवस. मीही त्यांच्याबरोबर शोधलं.

आणि पेटी तयार झाल्यावर रसिकभाईंनी काय केलं? सुरतेचा माणूस. त्याच्या हातातून बिनचमकीची वस्तू बाहेर जाणं त्याला अपमान वाटतो. मला न सांगता सगळी पेटी मण्यांच्या फिरत्या पिंपात टाकली. चार दिवस पाण्यावाळूत घुसळून बाहेर काढली तर धार नाही, चोच नाही, गुळगुळीत चकचकीत पेपरमिंटच्या गोळ्या.

वैशाली आली, तिनं झाकण उघडलं आणि खाली पोत्यावर बसली.

"शेठ, हे काय?"

"फिनिशिंग," रसिकभाई अभिमानानं म्हणाले. "चमक वगर कोण ले?"

मी दुसरी पेटी केली आणि ती घरी पिठाच्या डब्यात लपवून ठेवली. वैशालीनं ती तपासली भिंग लावून. एक कोरणी उचलली, दुसरी, तिसरी. मग माझ्याकडे बघून हसली.

"मावशी, तुम्ही डावखुऱ्या ना?"

मी पटकन हात पदराखाली घेतला. सवय.

तिनं दाखवलं. कोरणीचा सपाट भाग तळहाताकडे धरला की उजव्या माणसाच्या कोरणीची चोच उजवीकडे येते. माझ्या सगळ्या उलट्या, आरशात बघाव्यात तशा. "त्यांच्यातही असायचे एखाददुसरे डावखुरे," ती म्हणाली. "पण तुमची पेटी बघून पोरांना वाटेल, अख्खं गाव डावखुरं होतं."

म्हणून तिच्या पेटीतल्या कोरण्या मी पुन्हा केल्या, उजव्या हातानं. सासूबाईंच्या शिस्तीचा असा उपयोग झाला. एक मात्र डावी राहू दे म्हणाली, गावात असावी एक.

जाताना तिनं आणखी एक सांगितलं. "मावशी, तुमचा कचरा फेकू नका. हत्यार एक सापडतं तर कपचे हजार सापडतात, आम्ही माणसं कचऱ्यावरूनच ओळखतो. एकेका कामाचा कचरा वेगळा ठेवा, दालनातल्या मुलांना शिकवायला नेईन."

कचऱ्याला मान मिळाल्यावर काय विचारता. मी एकेका कामाचा कचरा मिठाईच्या एकेका डब्यात भरायला लागले. त्यात कोरण्यांच्या सळ्याही असायच्या. म्हणजे असं बघा, कोरणीची चोच काढायला कडेवर एक नेमका ठोका देतात, त्यानं कडेची सळी उडते, तांदळाच्या दाण्याहून जरा लांब. ती सळी पुन्हा त्याच कोरणीवर बसते, दुसऱ्या कुठल्याच नाही. कुलूपकिल्लीच.

त्यानंतर काही महिन्यांनी पांढऱ्या बुटांचा माणूस आला. कतारगामच्या आमच्या गल्लीत पांढरे बूट घालून येणारा माणूस एक तर नवखा असतो, नाहीतर त्याला घाण दुसऱ्याच्या पायाला लावायची सवय असते. त्याला ध्रुवाकडची हत्यारं हवी होती, एकोणीस नग. त्यातल्या अकरा कोरण्या.

"नाटक के लिए," तो म्हणाला. "पुराना दिखना चाहिए. और वो नीचे का निशान मत लगाना, स्टेज पे दिखता है."

पहिल्या रांगेतल्या माणसालाही जी फुली दिसायला भिंग लागेल, ती स्टेजवर दिसते. तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही होतं, खोटं कशाला बोलू. पण 'पुराना दिखना चाहिए' हे शब्द माझ्या कानात बसले. तोवर सगळ्यांनी मला नवं करायला सांगितलं होतं. दगडावर चार हजार वर्षं चढवून दाखव असं पहिल्यांदाच कुणी म्हणत होतं. मला चेव आला.

कोरण्या केल्या डाव्या हातानं, मजेत, कोण मोजतंय. मग त्या घरी नेल्या आणि कुकरमध्ये चहाची पूड घालून उकडल्या. तीन शिट्ट्यांत रंग येत नाही, सात लागतात. मग दोन दिवस ताकात, मग चुलीच्या राखेत तेल घालून चोळणं. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. तेव्हा त्या पंच्याहत्तरीच्या पुढे असतील, पण नाक शाबूत.

"काय शिजाडी ऱ्हायनी?"

"दगड."

त्यांनी कुकरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मऊ व्हतीन तव्हय हाक मार," म्हणाल्या आणि गेल्या.

एकोणीस नग असे झाले की मला स्वतःला वाटलं, हे मी केलेले नाहीत, मला सापडलेत. पांढरे बूट खूश होऊन गेले. फुली नाही म्हणून रसिकभाईंनी विचारलं, मी म्हटलं, नाटकासाठी आहेत. तेही बरं म्हणाले. कचरा मात्र मी सवयीनं डब्यात भरला. पेढ्यांचा डबा, झाकणावर मोराचं चित्र.

पाच-सहा वर्षं गेली. वैशालीचं दालन उघडायच्या बेतात आलं. एका सकाळी तिचा फोन. "मावशी, आयुष्यभर नकला केल्यात. आज या, तुम्हाला अस्सल दाखवते. ध्रुवाकडची खरी हत्यारं आली आहेत."

मी लग्नाची म्हणून जपलेली पैठणी नेसले. अस्सल वस्तूला भेटायला टिकल्यांची साडी कशी नेसणार.

ऑफिसात वैशालीचे साहेब होते आणि एक मोठे मिलमालक, किशोरभाई. त्यांनी ही हत्यारं परदेशातल्या एका जुन्या घराण्याकडून आलेली म्हणून एका माणसाकडून घेतली होती, आणि दालनाला भेट देत होते. टेबलावर काचेचं झाकण असलेली पेटी, आत काळी मखमल, तिच्यावर हत्यारं कमळाच्या आकारात मांडलेली. कुठला नग पालथा, कुठला उताणा, चोची चारी दिशांना. सुंदर दिसत होतं, एवढं म्हणायलाच हवं.

बाजूला एक कागद. त्यावर लिहिलेलं की ही हत्यारं चार हजार वर्षांपूर्वीची आहेत हे मी तपासून सांगते, आणि खाली वैशालीच्या सहीची जागा. ती मला खिडकीशी घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, "मावशी, मन मानत नाही. दगड तुमच्याकडच्यासारखा वाटतो, पण तसा तिकडेही मिळतो. पेटी उघडू देत नाहीत, सही झाल्यावर उघडू म्हणतात. कारण सांगितल्याशिवाय सही नाकारली तर माझा करार इथेच संपेल असं साहेब म्हणालेत. आणि सही केली, आणि उद्या कुणी खोटं ठरवलं, तर मग मला कुठेच कुणी उभं करणार नाही."

"बघू दे तरी," मी म्हटलं आणि पेटीवर वाकले.

कमळाच्या तिसऱ्या पाकळीत एक राखाडी कोरणी होती, तिच्यातून तपकिरी शीर गेलेली, मिरचीच्या देठासारखी वाकडी. त्या शिरेसाठी मी कुकरच्या सात शिट्ट्या ऐकल्या होत्या. तिच्या शेजारची माझी, तिच्या पलीकडचीही माझी. मनातल्या मनात पालथे नग उताणे करून बघितले. दहाच्या दहा चोची डावीकडे. मोजले, सगळे मिळून अठरा. एक कुठे गेला कोण जाणे. पोरं जत्रेत हरवावीत आणि काही वर्षांनी कुणाच्यातरी मखमलीवर सापडावीत, तसं झालं मला.

मी सरळ झाले. साहेबांनी चहा दिला, मी घेतला. काय बोलायचं? बोलले तर रसिकभाईंचं नाव, माझा कारखान्यातला कोपरा, आणि माझा कुकर, सगळं या टेबलावर येणार. नाही बोलले तर ही मुलगी त्या कागदावर सही करणार, नाहीतर न करता घरी जाणार.

"शेठ, एखादी हातात घेऊ का?"

"हाथ नहीं लगाना, माजी," किशोरभाई म्हणाले. "चार हजार साल पुराना है."

"मग माझ्याहून थोडंच मोठं."

ते हसले. माणूस वाईट नव्हता. मी चहा संपवला आणि विचारलं, "या लोकांच्यात उजवा हात असलेलं कुणीच नव्हतं का हो?"

किशोरभाईंना काही कळलं नाही. वैशालीनं मात्र चष्मा लावला आणि पेटीवर वाकली. एकेक चोच काचेवरून बोटानं ताडून बघितली. वर बघितलं तेव्हा तिचे कान लाल झाले होते.

"साहेब, मला सहीआधी दोन तास हवेत," ती म्हणाली.

"उगाच शंका नकोत, मॅडम," साहेब म्हणाले. "डावखुरी जमात असेल एखादी. पुरावा आहे का?"

"पुरावा पेढ्यांच्या डब्यात आहे," मी म्हटलं. "घेऊन येते."

रिक्षानं लिंबायत गाठलं. मोराचा डबा माळ्यावर होता, तो काढताना सासूबाईंनी बघितलं. कुठे निघालीस, डबा कुणाला, पैठणी का, या तीन प्रश्नांचं एकही उत्तर मला सरळ देता येईना. त्या काठी घेऊन रिक्षात येऊन बसल्या. म्हणाल्या, वाटेत सांग.

वाटेत सांगितलं. नाटक, पांढरे बूट, फुली न लावणं, सगळं. हेही सांगितलं की डबा सापडला नाही असं म्हणता येईल. रिक्षा पुलाच्या गर्दीत अडकलेली. मला वाटलं, आता ऐकायला मिळणार. त्या रिक्षाबाहेर बघत होत्या.

"रांधं तूच ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मंग आते वाढबी तूच." काठी पायाशी सरकवली. "डावा हातघाई वाढशी तरी चाली."

लग्नाला चाळीसच्या वर वर्षं झाली होती. मी डबा मांडीवर घेतला आणि त्यावर डावा हात ठेवला, उघडा, पदराबाहेर.

ऑफिसात सासूबाईंना खुर्ची मिळाली, बिस्किटं मिळाली. मी टेबलावर वर्तमानपत्र पसरून डबा ओतला. साहेब म्हणाले, "हा काय कचरा?"

"हा त्यांच्या जन्माचा दाखला," मी म्हटलं.

किशोरभाई पेटी उघडायला तयार नव्हते. तेव्हा सासूबाई बिस्किट बुडवता बुडवता त्यांना म्हणाल्या, "भाऊ, खरं असेल तर भ्यायचं काय?" खानदेशी बाईनं भाऊ म्हटल्यावर गुजराती माणूस विरघळतो हे मी अनेकदा बघितलं आहे. त्यांनी किल्ली काढली.

तपकिरी शिरेची सळी शोधायला मला वेळ लागला नाही. तिच्यावरही त्या शिरेचा तुकडा होता. डाव्या हातानं सळी उचलली, उजव्या हातात कोरणी धरली आणि कडेला टेकवली. बसली. अगदी हलका टक असा आवाज झाला. कोरणीवर चहाचा रंग, सळी आतून बाहेरून कोरी, आणि शीर एकातून दुसऱ्यात सरळ गेलेली. वैशालीनं भिंग लावून बघितलं, मग ते भिंग किशोरभाईंच्या हातात दिलं.

सासूबाईंनी दुसरं बिस्किट उचललं.

मी सगळं सांगितलं. कुणी मागितलं, मी काय केलं, फुली का नाही. रसिकभाईंना नाटक म्हणूनच माहीत होतं हेही सांगितलं. मला कळलं होतं आणि मी गप्प बसले, हेही सांगितलं. दगड फोडण्याचा मला जेवढा अभिमान आहे, त्याच्या बरोबरीनं ही एक लाज आहे, आणि दोन्ही एकाच हाताच्या आहेत.

किशोरभाईंनी कोरणी उलटसुलट करून बघितली. मग म्हणाले, "लेकिन ये पुराना रंग? ये कैसे आया?"

"कुकरमध्ये उकडलं. चहात."

त्यांनी हातातला कप हळूच टेबलावर ठेवला आणि बोटानं लांब सरकवला.

वैशालीनं सही केली नाही. त्या कागदाच्या मागच्या बाजूला तिनं कारण लिहिलं आणि त्याच्यावर सही केली. करार पुढे चालू राहिला. किशोरभाईंनी पेटी परत नेली नाही. म्हणाले, दिलेलं दान परत कसं घ्यायचं, नकला म्हणून ठेवा, पण कमळ मोडू नका. ती पेटी आजही दालनात आहे. खाली पाटी आहे, 'ध्रुवप्रदेशातील पहिल्या माणसांच्या हत्यारांच्या नकला, डाव्या हाताने केलेल्या, लिंबायत, सुरत.' शेजारी ती कोरणी आणि तिची सळी, जोडून दाखवलेली. पोरं तिथेच गर्दी करतात. माझ्या उजव्या हाताची चांगली पेटी पलीकडे आहे, तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही.

सासूबाईंना पाटी वाचून दाखवली तेव्हा म्हणाल्या, "आते सगळा गावले सांगं का?" पण पुढच्या वेळी शेजारच्या दोघींना घेऊन त्या स्वतः गेल्या.

रसिकभाई माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी माझ्या कोपऱ्यात आले, म्हणाले, "इंदुबेन, तमे तो भारे करी," आणि भिंतीवर कागद चिकटवला, फुलीशिवाय काही बाहेर जाणार नाही. मग विचारलं, एखाददुसरा नग पिंपात फिरवून बघू का, आता तर नावही झालंय. मी ते अर्धं लाटणं हातात घेतलं, तसे ते निघून गेले.

आता माझा हात थोडा कापतो. दोघी जणींना शिकवते, फडकं बांधून. वाटतं कधी, चार हजार वर्षांपूर्वी त्या चुलीपाशी अशीच एखादी बसली असेल, बाहेर अंधार, सुई मोडलेली, पोरांचे कपडे फाटलेले, आणि ती डाव्या हातानं कोरणीला नवी धार काढते आहे. तिची सासू काय म्हणत असेल?

शेवटी एक काम सांगायचं राहिलं. पांढऱ्या बुटांचा माणूस नंतर कुणाला सापडला नाही. आणि एकोणिसावा नगही नाही. ती कोरणी आहे, दुधी रंगाची, वर चहाची झाक, कडेला पिवळट ढग, लांबीला करंगळीच्या दोन पेरांएवढी. तुमच्यापैकी कुणाच्या काचेच्या कपाटात फार जुनी, फार दुर्मीळ म्हणून ती ठेवलेली असेल, तर एकदा बाहेर काढा. उजव्या हातात धरून बघा. नीट बसली नाही, तर डाव्यात धरा. डाव्यात बसली, तर लिंबायतला या आणि कुणालाही दगडवाल्या इंदूमावशीचं घर विचारा. तिची सळी मोराच्या डब्यात आहे. चहा पाजीन, साध्या पातेल्यातला.